नदीचं पाणी तळातून जातं कुठं, येतं कुठून? जमिनीखालची ही देवाणघेवाण मोजतात तरी कशी

उन्हाळ्यात धरणातून नदीत पाणी सोडलं की दोन प्रश्न हमखास निघतात. खालच्या गावाला पाणी पोचायला एवढे दिवस का लागले? आणि सोडलं तेवढं पोचलं का नाही?

मग बोटं दाखवणं सुरू होतं. खालचे म्हणतात, वरच्यांनी मोटारी लावून ओढलं. वरचे म्हणतात, आम्ही कुठं, ते तर वाळूनंच पिऊन टाकलं. मराठीत ‘कुठंतरी पाणी मुरतंय’ म्हटलं की कुणावर तरी संशय असतो. नदीच्या बाबतीत मात्र पाणी खरोखरच मुरत असतं, आणि कधीकधी मुरलेलं पाणी परत नदीत वरही येतं.

किती मुरलं, किती वर आलं, हे मोजता येतं का? येतं. त्यातल्या काही पद्धती इतक्या साध्या आहेत की त्यांना लागणारं सामान भंगारवाल्याकडे मिळेल. हा लेख त्या मोजणीबद्दल आहे.

हट्टा आणि पूर्णा

हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं, परभणी-वसमत रस्त्यावरचं गाव. याच रस्त्यानं परभणीकडे निघालं की वाटेत राहटीला पूर्णा नदी लागते. महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या एकाहून जास्त नद्या आहेत. विदर्भातली पूर्णा तापीला मिळते. आपण बोलतोय ती अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून जालना, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतून वाहत गोदावरीला मिळणारी पूर्णा. तिच्यावर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि त्याच्या खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर अशी दोन धरणं आहेत. या पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांनी वसमत परिसरातली शेती भिजते.

राहटीला नदीवर बंधारा आहे. परभणी शहराला अनेक वर्षं पिण्याचं पाणी या बंधाऱ्यातून मिळत आलं. उन्हाळ्यात बंधारा आटायला लागला की वरच्या धरणांतून नदीपात्रात पाणी सोडायचं, हा रिवाज इथल्या लोकांच्या ओळखीचा आहे. म्हणजे नदीच पाइपलाइनचं काम करते. फरक इतकाच की या पाइपलाइनचा तळ वाळूचा, मुरमाचा आणि दगडाचा असतो.

हा फरक किती मोठा पडू शकतो, ते एका कल्पित हिशेबातून बघू. समजा पाण्याला ४० किलोमीटर जायचंय आणि पाणी असलेल्या पात्राची रुंदी सरासरी ३० मीटर आहे. तळाचं क्षेत्रफळ झालं १२ लाख चौरस मीटर. या सगळ्या तळातून दिवसाला फक्त २ सेंटिमीटर पाणी मुरलं, तर रोज २४ हजार घनमीटर, म्हणजे २ कोटी ४० लाख लिटर पाणी खाली गेलं. माणशी रोज १०० लिटर धरले, तर ते २ लाख ४० हजार माणसांचं पाणी झालं.

दिवसाला दोन सेंटिमीटर हा वेग डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून तो मोजावा लागतो.

नदी देते की घेते?

नदी आणि विहीर यांना आपण दोन वेगळी पाणी समजतो. सरकारी कारभारातही धरणं आणि नद्या जलसंपदा विभागाकडे, तर भूजलाचं काम पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे असतं. जमिनीखाली अशी वाटणी नसते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागानं १९९८ साली या विषयावर एक प्रसिद्ध पुस्तिका काढली. तिच्या शीर्षकातच म्हटलं होतं की भूजल आणि पृष्ठभागावरचं पाणी हा एकच साठा आहे.

पाणी कुठल्या दिशेनं जाणार, हे पातळीवरून ठरतं. बांधकामावर गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतो ते आठवा. नळीचं एक टोक उंच धरलं की पाणी दुसऱ्या टोकाकडे सरकतं. नदी हे नळीचं एक टोक आणि काठावरची विहीर हे दुसरं टोक, असं समजा. यातून तीन अवस्था होतात.

पहिली: काठावरच्या जमिनीतली पाण्याची पातळी नदीपेक्षा उंच. मग जमिनीतलं पाणी तळातून आणि काठातून नदीत झिरपतं. पाऊस थांबून महिना झाला तरी नदी वाहते ती याच पाण्यावर. ही घेणारी नदी.

दुसरी: नदीची पातळी उंच, जमिनीतली खाली. मग नदीचं पाणी तळातून जमिनीत जातं आणि काठच्या विहिरी भरतात. ही देणारी नदी.

तिसरी: जमिनीतलं पाणी इतकं खाली गेलेलं की नदीचा तळ आणि भूजल यांच्यामध्ये कोरडा थर तयार झालाय. नदीचं पाणी तेव्हाही खाली ठिबकत राहतं. पण विहीर आणखी उपसली म्हणून नदीतून मुरण्याचा वेग फारसा वाढत नाही, कारण दोघांचा थेट संबंधच तुटलेला असतो.

एकच नदी वरच्या गावात घेणारी आणि पुढच्या वळणावर देणारी असू शकते. ऑक्टोबरात घेणारी नदी एप्रिलमध्ये देणारी होऊ शकते. मराठवाड्यात हा पालट लवकर होतो, कारण इथला दगड. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली लाव्हारसाच्या थरांनी बनलेला काळा पाषाण. या पाषाणात पाणी राहतं ते मुरमात, भेगांत आणि सांध्यांत. साठवायला जागा थोडी. त्यामुळे चांगल्या पावसात विहिरी भराभर भरतात आणि उपसा सुरू झाला की तशाच भराभर उतरतात.

हट्ट्याला एक जुनी पायऱ्यांची बारव आहे. बारवेला पायऱ्या असतात त्या याच कारणानं: पाणी वर असो की खाली, माणूस तिथवर पोचला पाहिजे. कितव्या पायरीवर पाणी आहे हे बघितलं की जमिनीतली पातळी समजते. बारव म्हणजे दगडात बांधलेली मोजपट्टीच.

मधला पडदा: नदीचा तळ

पातळीतला फरक पाण्याला ढकलतो, पण पाणी किती वेगानं जाईल हे मधला पडदा ठरवतो. तो पडदा म्हणजे नदीचा तळ.

फ्रान्समधल्या दिजों शहराचा पाणीपुरवठा उभा करणाऱ्या हेन्री डार्सी या अभियंत्यानं १८५६ साली वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून एक नियम मांडला. पाणी जाण्याचा वेग दोन गोष्टींच्या गुणाकाराइतका असतो: दर मीटरमागे पातळी किती उतरते, आणि तो थर पाण्याला किती वाट देतो. आजही भूजलाचा सगळा हिशेब या नियमावर उभा आहे.

यातली दुसरी गोष्ट फसवी आहे. स्वच्छ वाळूतून पाणी जितकं सहज जातं, त्याच्या शंभराव्या हिश्शानंही ते गाळातून जात नाही. चिकणमाती असेल तर आणखी कमी. नदीत हे सगळे प्रकार काही पावलांच्या अंतरावर सापडतात. वळणाच्या आतल्या बाजूला वाळू, डोहात गाळ, आणि मधेच उघडा पाषाण.

तळाच्या वाळूत नदीचं पाणी आणि भूजल एकमेकांत मिसळतं. या मिश्र पट्ट्याला रुमानियाच्या ट्रायन ओर्गिदान या जीवशास्त्रज्ञानं १९५९ साली स्वतंत्र नाव दिलं, कारण तिथं राहणारे सूक्ष्म जीव नदीतल्या आणि विहिरीतल्या जीवांपेक्षा वेगळे होते. पाणी गाळलं जाणं, त्यातली घाण कुजून संपणं यातलं बरंच काम या पट्ट्यात होतं.

आता मोजणीकडे वळू. सोप्याकडून अवघडाकडे.

पद्धत पहिली: झिऱ्याचं शास्त्र

नदी आटली की पात्रातल्या वाळूत हातभर खड्डा करायचा, थोडं थांबायचं, गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि मग नितळ पाणी वाटीनं भरून घ्यायचं. कुणी याला झिरा म्हणतं, कुणी विरडा. मराठवाड्यातल्या कित्येक गावांनी उन्हाळे यावर काढलेत.

तळात नळी ठोकून केलेली मोजणी ही याच झिऱ्याची सुधारलेली आवृत्ती आहे. बारीक पाइप घ्यायचा, खालच्या टोकाला छिद्रं पाडून जाळी बांधायची, आणि वाहत्या नदीच्या तळात अर्धा ते एक मीटर ठोकायचा. थोड्या वेळानं पाइपाच्या आत पाणी स्थिर होतं. आतली पातळी बाहेरच्या नदीपेक्षा वर असेल तर खालून पाणी वर ढकललं जातंय, म्हणजे नदी घेतेय. आतली पातळी खाली असेल तर नदी देतेय. डेव्हिड ली आणि जॉन चेरी यांनी १९७८ साली ही साधी नळी विद्यार्थ्यांना शिकवण्याजोग्या रूपात मांडली आणि ती जगभर पसरली.

हिशेब बघा. पाइपाचं छिद्राचं टोक तळाच्या ५० सेंटिमीटर खाली आहे आणि आतली पातळी नदीपेक्षा ३ सेंटिमीटर खाली. म्हणजे उतार ०.०६. तळाच्या वाळूची पाणी वाहून नेण्याची क्षमता दिवसाला १० मीटर असेल, तर दिवसाला ६० सेंटिमीटर पाणी मुरतंय. तीच क्षमता गाळामुळे ०.१ मीटर असेल, तर फक्त ६ मिलिमीटर. पातळीतला फरक तोच, उत्तरात शंभरपट फरक. म्हणून नळी दिशा खात्रीनं सांगते, पण किती ते सांगायला तळाची वेगळी चाचणी लागते.

पद्धत दुसरी: अर्धं टिपाड आणि एक पिशवी

थेट ‘किती’ मोजणारं सगळ्यात साधं यंत्र म्हणजे दोनशे लिटरचं लोखंडी पिंप, आपलं टिपाड. त्याचा वरचा साधारण वीतभर भाग कापून घ्यायचा, तो पालथा करून उघड्या बाजूनं नदीच्या तळात रुतवायचा. वरच्या बंद बाजूला एक भोक, त्याला नळी, आणि नळीला पातळ प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आधीच मोजून पाणी भरून ठेवायचं.

आता टिपाडाखालच्या तळातून पाणी वर येत असेल तर पिशवी फुगेल. तळ पाणी पीत असेल तर पिशवी रिकामी होत जाईल. ठरावीक वेळानं पिशवी काढून मोजायची. बस.

अशी पिशवीची मोजणी अमेरिकेत १९४० च्या दशकात आधी कालव्यांची गळती शोधायला वापरली गेली. टिपाडाचं आजचं रूप डेव्हिड ली यांनी १९७७ साली मांडलं. अनेक अभ्यासक त्याला आजही ‘लीचं पिंप’ म्हणतात.

उदाहरण घेऊ. टिपाडाचा व्यास ५७ सेंटिमीटर, म्हणजे त्यानं झाकलेला तळ साधारण पाव चौरस मीटर. पिशवीत १ लिटर भरलं होतं, दोन तासांनी अर्धा लिटर उरलं. पाव चौरस मीटरमधून दोन तासांत अर्धा लिटर म्हणजे जवळपास २ मिलिमीटर. दिवसाला झाले सव्वादोन सेंटिमीटरच्या वर. वरच्या हिशेबात आपण जे दोन सेंटिमीटर धरले होते, ते असे हातात येतात.

खबरदाऱ्याही आहेत. वाहत्या पाण्याच्या झोतानं पिशवी दाबली जाते आणि आकडा चुकतो, म्हणून पिशवीला डब्याचं संरक्षण देतात. रुतवल्यावर तळ निवळायला वेळ द्यावा लागतो. कडेनं पाणी निसटता कामा नये. आणि आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे जिथं तळाला उघडा काळा पाषाण आहे, तिथं टिपाड रुतणारच नाही. नेमकं अशाच ठिकाणी एखाद्या भेगेतून बरंच पाणी जात असू शकतं.

पद्धत तिसरी: थर्मामीटर

थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि मे महिन्यात गार. विहिरीचं पाणी बदलत नाही, भोवतालची हवा बदलते. जमिनीत काही मीटर खाली तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं. नदीचं पाणी मात्र रोज दुपारी तापतं आणि पहाटे निवतं.

हा फरक पाण्याच्या प्रवासाची खूण बनतो. तळात वेगवेगळ्या खोलीवर, समजा १०, ३० आणि ५० सेंटिमीटरवर, तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं पुरून ठेवतात. नदी देणारी असेल तर मुरणाऱ्या पाण्याबरोबर दुपारची ऊबही खाली उतरते आणि खोलवरच्या यंत्रातही दिवस-रात्रीचा चढउतार दिसतो, फक्त थोडा उशिरा आणि थोडा कमी. नदी घेणारी असेल तर खालून येणारं स्थिर तापमानाचं पाणी हा चढउतार वरच्या वर दाबून टाकतं. लाट किती उशिरा पोचली आणि किती कमी झाली, यावरून मुरण्याचा वेग काढता येतो.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे यंत्रं एकदा पुरली की आठवडेच्या आठवडे आपोआप नोंद करतात. धरणातून पाणी सोडलं त्या दिवशी काय झालं आणि आठव्या दिवशी काय झालं, दोन्ही हाती लागतं. लांब पट्ट्यासाठी तळावर ऑप्टिकल फायबरची केबल अंथरतात. तीच केबल थर्मामीटरसारखी काम करते आणि साधारण दर मीटरला तापमान सांगते.

पद्धत चौथी: दोन ठिकाणी प्रवाह मोजणे

संपूर्ण पट्ट्याचा हिशेब हवा असेल तर वर एकदा आणि खाली एकदा नदीचा प्रवाह मोजायचा आणि वजाबाकी करायची. ऐकायला सगळ्यात सोपं, पण इथंच सगळ्यात जास्त फसगत होते.

पुन्हा कल्पित आकडे घेऊ. पाच किलोमीटरच्या पट्ट्यात वर सेकंदाला १,२०० लिटर पाणी शिरलं, खाली १,००० लिटर बाहेर पडलं. २०० लिटर गेले कुठं?

कडक उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर बाष्पीभवन धरलं आणि पात्र ३० मीटर रुंद, तर ते होतं सेकंदाला १७ लिटर. काठावर आठ मोटारी चालू आहेत आणि प्रत्येकी सेकंदाला १० लिटर ओढते असं धरलं, तर ८० लिटर. उरले १०३ लिटर. ते तळातून मुरले.

आता गोम. नदीचा प्रवाह मोजताना पाच टक्के इकडेतिकडे होणं अगदी सामान्य आहे. वर ६० लिटरची चूक, खाली ५० लिटरची. दोन्ही मिळून हिशेबात साधारण ७८ लिटरची अनिश्चितता येते. म्हणजे तळातून मुरलेलं पाणी २५ लिटरही असू शकतं आणि १८० लिटरही. मोटारींनी जास्त ओढलं की वाळूनं जास्त प्यायलं, हे एवढ्यावरून ठरत नाही. म्हणून या मोजणीला टिपाड आणि थर्मामीटरची जोड लागते.

पद्धत पाचवी: पाण्याची ओळख पटवणं

दगडातून फिरून आलेल्या पाण्यात क्षार जास्त असतात, धरणातल्या पावसाच्या पाण्यात कमी. घरच्या फिल्टरवाल्याकडे जो टीडीएस मीटर असतो, तोच इथं कामाला येतो. समजा वरच्या बाजूला नदीचा टीडीएस २५०, काठच्या विहिरींचा ७५० आणि खालच्या बाजूला नदीचा ३००. मधे एखादा नाला किंवा सांडपाणी मिळत नसेल, तर खालच्या पाण्यातला दहावा हिस्सा जमिनीतून आलेला आहे.

याहून नेमकी खूण म्हणजे रेडॉन हा वायू. तो खडकातून भूजलात मिसळतो आणि उघड्या नदीत आल्यावर हवेत उडून जातो. जे उरतं तेही पावणेचार-चार दिवसांत निम्मं होतं. त्यामुळे नदीत रेडॉन जास्त सापडला तर जवळपासच कुठंतरी जमिनीतलं पाणी वर येतंय, हे पक्कं. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवरूनही पाण्याचा उगम ओळखता येतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा तपासण्यांचं काम अनेक वर्षं चालतं.

मग खरी पद्धत कुठली?

एकही एकटी पुरत नाही. टिपाड पाव चौरस मीटरचं सांगतं, नळी एका बिंदूचं, थर्मामीटर एका खांबाचं. प्रवाहाची वजाबाकी पाच किलोमीटरचं सांगते, पण त्यातली नेमकी जागा दाखवत नाही. टीडीएस वर आलेलं पाणी दाखवतो, मुरलेलं नाही. म्हणून जाणकार आधी टीडीएस आणि तापमान घेऊन अख्खा पट्टा चालून काढतात, संशयाच्या जागा ठरवतात, मग तिथं नळ्या आणि टिपाडं लावतात, आणि शेवटी प्रवाहाच्या वजाबाकीशी ताळा जमतो का ते बघतात. दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरं जवळ आली तरच आकड्यावर विश्वास ठेवायचा.

हे मोजून फायदा काय?

पहिला: बंधारा कुठं आणि कसा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यानंतर दारं टाकून पाणी अडवतात. नदीची पातळी उंचावली की काठच्या विहिरींकडे पाणी जास्त जोरानं ढकललं जातं. पण अडलेल्या पाण्यात गाळही बसतो आणि काही वर्षांत तळ बुजतो. वरून बंधारा तुडुंब आणि काठच्या विहिरी कोरड्या, असं दिसलं तर तळाची मोजणी कारण सांगू शकते. मग गाळ काढायचा की नवा बंधारा बांधायचा, हे अंदाजावर सोडावं लागत नाही.

दुसरा: खोलीकरण किती. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद-खोल करून बंधारे बांधले गेले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ गाजला. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या जलयुक्त शिवार अभियानातही खोलीकरणावर भर होता. मुरायला अडथळा करणारा थर काढला तर पाणी मुरतं, हे खरं. पण नाल्याचा तळ खोदत खोदत शेजारच्या विहिरींच्या पातळीच्या खाली गेला, तर पातळीचा नियम उलटा फिरतो. विहिरीतलं पाणी नाल्यात उतरायला लागतं. देणारा नाला घेणारा होतो. खोदण्याआधी दोन-चार नळ्या ठोकून पातळी बघितली तर कुठं थांबायचं ते कळतं.

तिसरा: वाळू. पात्रातली वाळू म्हणजे तळाचा सच्छिद्र भाग आणि त्यात साठलेलं पाणी. ती खरवडून उपसली की खाली गाळ किंवा पाषाण उघडा पडतो. झिरे तर जातातच, नदी आणि विहीर यांच्यातली देवाणघेवाणही बदलते.

चौथा: कालव्याचा हिशेब. देशात भूजलाचा अंदाज काढताना कालव्याच्या गळतीसाठी ठरावीक दर धरतात. अस्तर नसलेल्या, थोडी चिकणमाती असलेल्या जमिनीतल्या कालव्याला तो दर दिवसाला साधारण १५ ते २२ सेंटिमीटर इतका येतो, आणि अस्तर असेल तर त्याच्या एक पंचमांश. पाणीपाळी सुटली की कालव्याकाठच्या विहिरी वर येतात, हा वसमत भागातल्या शेतकऱ्याचा रोजचा अनुभव. प्रत्येक कालव्याची गळती वेगळी, ती टिपाडानं मोजली तर कुणाच्या विहिरीत किती पाणी कालव्याचं आणि किती पावसाचं, हे समजेल. नाहीतर एकच पाणी एकदा कालव्याच्या खात्यावर आणि एकदा विहिरींच्या खात्यावर मोजलं जातं.

पाचवा: नदी वाहती ठेवणं. आयआयटी खरगपूरचे अभिजित मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली गंगेबद्दल दाखवलं की सिंचनासाठी झालेल्या भूजल उपशामुळे उन्हाळ्यात जमिनीतून नदीत येणारं पाणी घटलंय, आणि नदी कमी होण्यामागे ते एक मोठं कारण आहे. हिमालयातून येणाऱ्या गंगेची ही गत, तर फक्त पावसावर चालणाऱ्या पूर्णा, कयाधू, आसना यांना उन्हाळ्यात जमिनीतल्या पाण्याशिवाय दुसरा आधार कुठला?

गावात काय करता येईल?

भूजल सर्वेक्षण यंत्रणा राज्यभरातल्या ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. नदी आणि विहिरीचं नातं समजायला त्याहून दाट नोंदी लागतात, आणि त्या गावाला घेता येतात.

१. नदीपासून वाढत्या अंतरावरच्या तीन-चार विहिरी निवडा. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या तारखेला, सकाळी मोटार सुरू होण्याआधी, काठावरच्या एकाच खुणेपासून पाणी किती खोल आहे ते टेपनं मोजा.

२. पुलाच्या खांबावर किंवा बंधाऱ्याच्या भिंतीवर रंगानं मोजपट्टी काढून त्याच दिवशी नदीची पातळी लिहा.

३. सगळ्या खुणांची एकमेकांच्या तुलनेत उंची एकदा लेव्हल मशीननं काढून घ्या. हे केलं नाही तर विहिरीची खोली आणि नदीची पातळी यांची तुलनाच होत नाही.

४. नदी आणि विहिरी, दोन्हींचा टीडीएस आणि तापमान नोंदवा.

५. धरणातून पाणी सोडल्याची तारीख, ते गावात पोचल्याची तारीख आणि चालू असलेल्या मोटारींची संख्या त्याच वहीत लिहा. पाणी सुटणार असेल त्या काळात मात्र पात्रात उतरू नका. नोंद काठावरूनच घ्या.

अशी दोन-तीन वर्षांची वही तयार झाली, तर गावाच्या हद्दीत नदी कुठल्या महिन्यात देते आणि कुठल्या महिन्यात घेते हे स्पष्ट दिसेल. पुढच्या उन्हाळ्यात पाणी कमी पोचलं तर बोलायला मोटारवाला आणि वाळू यांच्यापलीकडे काहीतरी हातात असेल. नवा बंधारा, खोलीकरण किंवा वाळूचा लिलाव यांचा विषय ग्रामसभेत आला, तर ही वही तिथं उघडून ठेवता येईल.